पान एकशे बारावरची बाई

"ही बघा, माझी चांभारीण."

असं म्हणून लेखिकाबाईंनी मला स्टेजवर उभं केलं. हाताला धरलं, पण पदरावरनं. कोल्हापुरातलं भरलेलं सभागृह. पुढच्या रांगेत प्राध्यापक, डॉक्टर, त्यांच्या बायका. टाळ्या पडल्या. बाईंनी आपली नवी कादंबरी माझ्या हातात दिली, फोटोवाल्याकडं तोंड करायला सांगितलं आणि माईकवरच म्हणाल्या, "तुला वाचता येत नसलं तरी घरात ठेव हो. पोरगी वाचून दाखवील."

लोक हसले. प्रेमानं हसले. ते जास्त लागलं.

मला वाचता येतं. चपलांचे जोड गुंडाळायला घरात रद्दी यायची, त्या रद्दीवर मी अक्षरं जुळवायला शिकले. हे मी बाईंना सांगितलेलं. आणि तरी त्या दिवशी मी काय केलं? हात जोडले. वाकले. आजही आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. त्याआधी बाई तीन दुपारी आमच्या घरी येऊन बसल्या होत्या. "कादंबरीत सगळा समाज यायला हवा," म्हणाल्या. मला केवढा आनंद. मी मुळातली बोलघेवडी, विचारलं नाही तेही सांगितलं. चामडं कसं भिजवायचं, पट्ट्याची वेणी कशी घालायची. एका व्यापाऱ्यानं आमचा माल रस्त्यावर फेकला तेव्हा गल्लीतल्या बाया गोळा करून मी त्याच्या दुकानासमोर कशी बसले आणि त्याच्याच हातानं तो कसा उचलायला लावला, तेही सांगितलं. बाई भराभरा लिहून घेत होत्या. चहा तेवढा घेतला नाही. तिन्ही दिवस उपास होता म्हणे.

सत्कारावरनं घरी आले आणि पुस्तक उघडलं. पानंच पानं. मी कुठं सापडेना. पान एकशे बारावर सापडले. दीड पान.

नाव नाही. नुसती चांभारीण. नायिकेच्या कुत्र्याला नाव होतं, मोती. ही चांभारीण दारात बसते, रडत रडत चपलेला खिळे ठोकते. नायिका तिला जुनं लुगडं देते. चांभारीण पाय धरते, "लई उपकार झालं बाईसाब" म्हणते आणि जाते. पुढं कुठंच नाही. नायिकेचं मन किती मोठं ते दाखवायला आणली होती. काम झालं, घालवली.

आणि खिळे! कोल्हापुरी चपलेला खिळा नसतो हो. चामडं चामड्याच्याच वादीनं शिवतात. बाईंच्या डोळ्यांदेखत मी शिवून दाखवलेलं.

सासू जवळ येऊन बसली. "पुस्तकात गेलीस म्हणं. काय करतीस तितं?"

"रडतीया."

"आणि व्यापाऱ्याला वाकिवलंस ते?"

"ते न्हाय त्यात."

"मग ती दुसरीच कोणतरी हाय. तिचा सत्कार तू कशाला घिऊन आलीस?"

शाळेचं तोंड न बघितलेली म्हातारी. नेमकं बोट ठेवलं तिनं. मला रात्रंदिवस ते टोचत राहिलं.

वर्षभरानं बाई पेढे घेऊन आल्या. कादंबरीला बक्षीस मिळालं होतं, दुसरी आवृत्ती निघणार होती. समारंभाला मी स्टेजवर हवी होते. मी आधी खिळ्यांचं काढलं.

"अगं, ठोकण्याचा तो आवाज प्रसंगाला फार साथ देतो," बाई म्हणाल्या. "पण या वेळी तुला नाव देते. काय ठेवू या?"

"मला नाव हाय की." मी सांगितलं. माझ्या आज्ज्यानं ठेवलेलं, एका राणीचं.

बाई जराशा हसल्या. "हे नको. तुमच्यातलं वाटत नाही. वाचकाला पटायला हवं ना."

हातातली आरी मी खाली ठेवली. माझं नाव मला शोभत नाही, हे ती बाई माझ्याच घरात बसून मला सांगत होती.

"बाई, मला काढा त्यातनं."

"कशातून?"

"पुस्तकातनं."

"असं कसं? तुझ्याशिवाय कादंबरी एकांगी वाटेल गं. सगळ्या थरांतलं कोणीतरी असावं लागतं आता."

"मग असू दे एकांगी. तुमच्या घरात आमच्यातलं कोण जेवायला बसतंय? न्हाय बसत, तर तसंच लिवा."

बाई लाल झाल्या. "भलं करायला जावं तर..." म्हणत उठल्या. पेढ्यांचा पुडा मी त्यांच्या हातात परत दिला.

दुसरी आवृत्ती निघाली. तिसरीही निघाली. मी आहे दोन्हींत. बाईंनी ठेवलेल्या नावानं.

आता कॉलेजातली पोरंपोरी येतात. "आजी, कथेत तुमचं पात्र घ्यायचंय." घ्या की. मी दिवस दिवस बोलते, माझ्या तोंडाला कुलूप कधी नव्हतंच. पण आधी अट सांगते. लिहून झालं की छापायच्या आधी इथं यायचं. गल्लीतल्या बायांसमोर मोठ्यानं वाचायचं. आम्ही खोटं म्हटलं तिथं खोडायचं. पटत नसेल तर उठायचं, वही इथंच ठेवून.

परवा एकजण म्हणाला, "आजी, असं कुठं असतं का?" त्याची वही मी ठेवून घेतली. पुढच्याचीही ठेवीन.