अध्यक्षांच्या नावाची तुळई

"कुलकर्णी साहब, ये दरार नहीं है. पत्थर की नस है," सक्सेनाजी मला तिसऱ्यांदा सांगत होते. मी मंदिराच्या दारावरच्या तुळईपाशी शिडीवर, ते खाली.

सक्सेनाजी आमच्या पिपलानीतल्या मंदिर समितीचे अध्यक्ष. नवं मंदिर संपूर्ण दगडी, हाताने कोरलेलं. मी कारखान्यातून रिटायर झालेला स्ट्रक्चरल इंजिनिअर, म्हणून उद्घाटनाआधीच्या फिटनेस सर्टिफिकेटसाठी आयता सापडलेला.

दारावरच्या आडव्या दगडी तुळईचं एक असतं. भार आला की तिचा वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो. दगड दाब भरपूर सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून तिला खालून खोल कोरत नाहीत. कारागीर रामलालजींना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. ते होळीला राजस्थानात गावी जाईपर्यंत अध्यक्ष थांबले. मग ग्राइंडरवाला बोलावून तुळईच्या पोटात इंचभर खोल स्वतःचं नाव कोरून घेतलं, हुद्द्यासकट. घंटा वाजवताना माणूस वर बघतो ना!

"नस है तो हिलेगी नहीं," म्हणत मी भेगेवर टेल-टेल लावली. म्हणजे प्लास्टरची आडवी पातळ पट्टी. भेग रुंदावली की ती तडकते.

दोन दिवसांत तडकली. मी लोखंडी टेकू लावून दार बंद करवलं.

"किसी ने छेड़ा होगा," सक्सेनाजी म्हणाले. "कार्ड बंट चुके हैं. सपोर्ट हटवाइए, साइन कर दीजिए."

मी 'बघतो' म्हणून घरी आलो. बायको म्हणाली, "अहो, दर मंगळवारी आमचं भजन त्या दारातच व्हायचंय. सही करताना तेवढं आठवा." मला राग आला, तोही स्वतःचाच. 'नाही' म्हणायला जीभ का रेटली नाही?

दुसऱ्या दिवशी सर्टिफिकेट टाइप करून नेलं. खाली एक अट: टेकू काढल्यावर, उद्घाटनाची पूजा संपेपर्यंत माननीय अध्यक्ष तुळईखाली खुर्ची टाकून बसतील.

सक्सेनाजींनी चष्मा लावून अट वाचली. मान वर करून स्वतःचं नाव वाचलं. मग दोन पावलं मागे सरकले.

"मुहूर्त तो आगे भी निकल सकता है."

गावाहून परतल्यावर रामलालजींनी नवी तुळई बसवली, पोट कोरं ठेवून. जुनी उतरवताना भेगेतच मोडली. पवित्र शिला फेकायची नाही, हे मीटिंगमध्ये अध्यक्षांनीच ठणकावलं. नावाचा तुकडा मावेल अशी जागा एकच निघाली, चपलांच्या स्टँडसमोरची पायरी. अक्षरं वरच ठेवावी लागली, कारण दुसऱ्या बाजूला देवाची नक्षी. तिच्यावर पाय कसा द्यायचा?

तुळईला खालून कोरू नये, एवढाच धडा. नाव मात्र आता प्रत्येक जण वाचतो. चपला काढताना खाली बघावंच लागतं.