बोरीचं प्रदर्शन आणि अण्णांचे दोन हात

आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, सकाळी सकाळी इस्त्रीचा शर्ट मागितला तेव्हाच मी ओळखलं, गडी बोरीला निघाला. तिथल्या वाचनालयात कॅसेटवाल्या रंगूभाऊंचं प्रदर्शन लागलंय. एकेकाळी आमच्याकडं त्यांची गाणी वाजल्याशिवाय नवरदेव घोड्यावर बसत नसे. आणि त्यांच्यामागं सोळा वर्षं ढोलकी वाजवली ती अण्णांनी.

"तितं माझं नाव हाय का न्हाई, तेवढं बघून येऊ," म्हणाले.

"नसलं तर भांडू नका," आईनं दारातच बजावलं.

परभणीहून जिंतूरकडं जाणारी एस.टी. धरा, बोरीला उतरा. सकाळी जाणार असाल तर उजवीकडं बसू नका, ऊन लय लागतं. बाई म्हणून मला अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्या अण्णांना फुकट. कंडक्टरनं नुसता उसासा टाकला. उतरल्यावर समोरच मिरचीभजी मिळतात. खा, पण अण्णांसारख्या तीन प्लेटी नको.

प्रवेशाला पैसे नाहीत, पण किल्ली किराणा दुकानदार शिवलिंगअप्पांकडं, आणि अप्पा गिऱ्हाईक सोडून उठत नाहीत. मी अर्धा किलो शेंगदाणे घेतले, तेव्हा कुठं कुलूप उघडलं.

आत कॅसेटी, पार्टीची ढोलकी, रंगूभाऊंचा फेटा, चष्मा, पानाचा डबासुद्धा. भिंतीवर त्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पार्टीचा मोठा फोटो. अण्णांचा चेहरा नेमका माइकमागं गेलेला, ढोलकीवरचे दोन हात तेवढे स्पष्ट. खाली गायकाचं नाव, पेटीवाल्याचं नाव, आणि "व इतर".

असा संताप आला मला! पानाच्या डब्याला नावाची चिठ्ठी आणि माझा बाप "इतर"? मी तोंड उघडणार, तेवढ्यात अण्णाच कडाडले. पण नावासाठी नाही.

"अप्पा, ढोलकी पार उतरलीय की ओ! दोऱ्या लोंबायल्यात!"

"वाजवायची कुटं हाय? बघायचीच हाय," अप्पा म्हणाले.

"उतरलेली ढोलकी बघायची बी न्हाई!"

"हात लावू नये" ही पाटी बाजूला सारून अण्णांनी मांडी घातली. दोरीतल्या कड्या सरकवल्या, थाप मारली, कान लावला, पुन्हा सरकवल्या. आणि मग जे वाजवलं! भजीवाला झारा घेऊनच पळत आला. गिरणीतल्या बायका दळण टाकून आल्या. एक आजी उंबऱ्यातूनच ओरडली, "अगं बया! माझ्या लग्नात हेच वाजवायला होते की!"

अप्पा एकदा फोटो बघत, एकदा अण्णांचे हात. "तुमीच व्हय ते? चुकलंच ओ आमचं. नाव सांगा, लिहून घेतो."

"नावाचं ऱ्हाऊ द्या," अण्णा अजून घुश्शातच. "दर महिन्याला ही चढवायची, त्याचं बोला."

घरी आल्यावर आईनं विचारलं, "होतं का नाव?"

"न्हाई," म्हणाले आणि शेंगदाणे निवडत बसले. मला फार वाईट वाटलं. मीच लिहून द्यायला हवं होतं.

आठवड्यानं अप्पांनी कुणाकुणाला विचारून अण्णांचं नाव आणि आमचा नंबर मिळवला आणि मोबाईलवर एक फोटो पाठवला. ढोलकीसमोर नवी पाटी: "हात लावू नये. फक्त माणिकराव ढोलकीवाले, परभणी, यांनी लावावा."

अण्णांनी चष्मा पुसून तीनदा वाचली. महिना व्हायला अजून तीन आठवडे होते, तरी इस्त्रीचा शर्ट मागितला.