खारघर ते मुरूड: सायकल कमी, खाणं जास्त

सायकलवरून मुरूडला जायचं मी जाहीर केलं तेव्हा सोसायटीत प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "अगं पण खाणार काय?" टायर कुठले, चढ किती, पंक्चर झालं तर काय, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आमच्याकडे उद्या कुणी चंद्रावर निघालं तरी डब्यात काय नेताय हेच विचारतील.

तर आधी निघण्याचं कारण सांगते. माझी धाकटी बहीण माधवी खांदेश्वरला राहते. तिचा ओजस बारा वर्षांचा आहे, व्हीलचेअरवर असतो, डोकं तल्लख आणि जीभ त्याहून तल्लख. तो ज्या दिव्यांग मुलांच्या केंद्रात जातो तिथली गाडी म्हणजे साधी व्हॅन. त्यामुळे रोज सकाळी माधवी त्याला उचलून आत ठेवते, खुर्ची मिटून मागे टाकते, दुपारी परत तेच उलटं. पोरगं आता तिच्या खांद्याला आलंय. गेल्या दिवाळीत तिची कंबर अशी धरली की बाईने अख्खा फराळ उभ्याने खाल्ला. म्हणून केंद्राने रॅम्पवाली गाडी घ्यायचं ठरवलं आणि पैसे जमवायला सायकल फेरी काढली, नवी मुंबई ते मुरूड, दोन दिवस. देणगीदार ज्याचे त्याने शोधायचे, निघायचंही आपापल्या घरून, आपापल्या वेळेने. मी शेवटची सायकल चालवली तेव्हा फ्रॉक घालत होते, तरी नाव देऊन मोकळी झाले.

माझे मुख्य देणगीदार म्हणजे समोरच्या फ्लॅटमधले पाटणकर काका. रिटायर्ड माणूस, वेळ भरपूर. त्यांनी असा आकडा सांगितला की गाडीचा रॅम्प एकट्या त्यांच्याच पैशात बसला असता. पण अट घातली. "स्मिता, अख्खं अंतर स्वतःच्या पायांनी. दमलीस तर सायकल ढकलत चाल, चालेल. पण गाडीत बसलीस की संपलं. आणि दुसऱ्या दिवशी चारला तिथला कार्यक्रम आटोपतो, त्याच्या आत किनाऱ्यावर." वर माझ्या मोबाईलचं लाइव्ह लोकेशन घेतलं. म्हणाले, "विश्वास नाही असं नाही गं, पण बघायला मजा येते." मला असा राग आला की मी तिथेच हो म्हटलं.

जोडीला वंदना होती. दिवाळे गावातली कोळीण, बेलापूरला माझ्याच ऑफिसात असते, आवाज असा की फोनची गरज नाही. मी तीन आठवडे व्हिडिओ बघून खाण्यापिण्याचा तक्ता केला होता. दर पाऊण तासाला काय, मिठाचं पाणी किती, केळं कधी, ते चिकट जेलचं पाकीट कुठल्या चढाआधी. वंदनाने एक पाकीट उघडून वास घेतला.

"ह्ये काय हाय? दात घासायचं?"

"ताकद येते त्याने."

"आमच्याकडं बोंबील खाल्ल्यावर येते," ती म्हणाली आणि माझा तक्ता घडी करून मलाच दिला.

पहिल्या दिवसाचा तक्ता सोसायटीच्या गेटवरच बोंबलला. निघताना हातावर दही-साखर द्यायची ही आपली पद्धत. परीक्षा असो, मुलाखत असो, चमचाभर दही घेऊन माणूस बाहेर पडतो. मी धरून चालले होते की आमच्याच घरचं एक बोट चाटायचं. खाली येऊन बघते तर पहाटे गेटवर बायका वाट्या घेऊन उभ्या! प्रत्येक मजल्याची वेगळी वाटी. आणि शुभकार्याचं दही, त्याला नाही म्हणता येत नाही. एकीचं गोड, एकीचं आंबट, एकीने साखरेऐवजी गूळ घातलेला, आणि तळमजल्यावरच्या नव्या सूनबाई म्हणाल्या, "सॉरी हं, साधं संपलं, हे स्ट्रॉबेरीचं आहे." मी तेही घेतलं. वंदना चलाख, ती हेल्मेट घालून चेहऱ्यावर रुमाल बांधून उभी होती. माधवी ओजसला घेऊन आली होती. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मावशी, तू जाणार आहेस की लस्सी होणार आहेस?" हसून हसून तिथेच माझं पोट दुखायला लागलं.

खारघरहून कळंबोली, पळस्पे फाटा आणि मग गोवा हायवे, असा रस्ता आहे. पहाटे निघालात तर पळस्प्यापर्यंत ट्रकांचा त्रास कमी होतो. पुढे कर्नाळ्याचा चढ लागतो, फार नाही, झाडी छान, माकडं मात्र बेरकी, केळी बॅगेच्या आतच ठेवा. चढावर प्रत्येक पेडलला माझ्या पोटात दही डचमळत होतं, आणि ढेकर आला की स्ट्रॉबेरीचा. तक्त्याप्रमाणे तिथे जेल घ्यायचं होतं. मी जेलच्या पाकिटाकडे नुसतं बघितलं आणि दुसरीकडे मान फिरवली. म्हणून लिहून ठेवते, निघण्याआधी दूधदुभतं नको. पोहे, उपमा, नाहीतर साधी चपाती-गूळ खा. दही-साखर एका घरची घ्या, बाकीच्यांना हात जोडा.

पेणला एका चहाच्या टपरीवर बसून वंदनाने डबा काढला. तांदळाची भाकरी आणि जवळ्याची सुकी चटणी. माझं पोट एव्हाना शांत झालं होतं, म्हणून एक घास घेतला. मग दुसरा घेतला. मग अर्धी भाकरी गेली. काय सांगू, अशी चव! पण सुकी मासळी खारट आणि मिरची वंदनाच्या आईच्या हातची, तेव्हा वडखळपर्यंत माझ्या दोन्ही बाटल्या रिकाम्या. महेश, म्हणजे माझा नवरा, आमच्या बॅगा घेऊन गाडीने मागून येत होता. त्याने लिंबू, मीठ, साखर घालून बाटल्या भरून दिल्या आणि वर म्हणाला, "बसायचं असेल तर एसी लावलाय हं." त्याला वाटतं तो मदत करतो.

वडखळला उजवीकडे अलिबागचा रस्ता फुटतो. तिथे वडापाव खाल्ला. तेवढ्यात फोन वाजला. पाटणकर काका. "तुम्ही वीस मिनिटं एका जागी आहात. काय चाललंय?"

"वडापाव चाललाय काका."

"अजून?" म्हणाले. "बरं, चटणी कमी खा." आता यांना काय सांगायचं?

पोयनाड गेलं, कार्लेखिंडीचा चढ आला. तो आम्ही बऱ्यापैकी रडतखडत पण चढलो, आणि उतारावर वंदना अशी ओरडत सुटली की समोरून येणारा एसटीवाला हॉर्न वाजवून हसला. अलिबागच्या आधी शहाळं घ्या, पाण्याबरोबर मलईपण खा, पोटाला आधार राहतो. मुक्काम चौलला एका घरगुती ठिकाणी केला. जेवणासकट माणशी हजाराच्या आत, सुपारीच्या बागेत खोल्या, गरम पाणी हवं तेवढं. संध्याकाळी वरण-भात, तूप, पापड एवढंच मागितलं. मालकीणबाईंना वाटलं मी आजारी आहे. त्यांनी मेतकूटही आणून दिलं आणि मी ते खाऊन साडेआठला आडवी झाले. दुसऱ्या दिवशीचं अंतर अर्ध्याहून कमी. मी झोपताना महेशला म्हटलं, आता काय, झालंच. उगाच बोलले.

सकाळी रेवदंड्याचा पूल ओलांडला. छान गार वारा होता, खाडीत होड्या, पाय मोकळे झालेले. पुलापलीकडे वंदनाने अचानक ब्रेक दाबला. "इथं आत्या राहते माझी. दोन मिनिटं हाक मारून जाऊ."

आता तुम्हीच सांगा, माहेरच्या आत्याकडे दोन मिनिटं कुणी गेलंय का? दारात पाऊल ठेवलं तर आत्या पदर खोचून तयार. दिवाळ्याहून आदल्या दिवशीच फोन गेलेला. चुलीवर भाकऱ्या, तव्यावर सुरमई, रश्श्यात चिंबोऱ्या. सकाळची न्याहारी हो ही! मी तक्ता काढला. खरंच काढला. दुपारपर्यंत हलकं खायचं आहे, चढ आहे, असं काहीतरी बोलले. आत्याने कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"बस गो बाय. भाची माझे दारातना उपाशी गेली तर गाव काय बोलंल?"

बसलो. चिंबोरी घाईने खाता येत नाही, हे ज्याने फोडली आहे त्याला माहीत. नांग्या फोडायच्या, आतलं काढायचं, बोटं चाटायची. तास कसा गेला कळलं नाही. मग अर्थातच फोन. माझे हात रश्श्यात, म्हणून आत्यानेच उचलला. पलीकडून पाटणकर काका तावातावाने विचारत असणार.

"कोन रं तू?" आत्या म्हणाली. "पोरी जेवाला बसल्यान. मागून फोन कर." आणि ठेवून दिला. गेली आठ वर्षं सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे कुणाला जमलं नाही. मी मनातल्या मनात तिच्या पाया पडले, निघताना प्रत्यक्षात पडले.

पण खाल्लेलं कुठे जातं? काशीदच्या अलीकडच्या चढाला ऊन डोक्यावर आलं होतं. पोटात सुरमई, चिंबोरी, भाकऱ्या आणि आत्याने आग्रहाने वाढलेला भात. पाय म्हणतात झोप, डोळे म्हणतात झोप. वंदना एका वडाखाली सायकल टेकवून बसली, मी तिच्या शेजारी बसले, आणि पुढचं मला आठवत नाही.

महेशने हलवून उठवलं, त्याचाही गाडीत डोळा लागला होता. "स्मिता, दोन वाजून गेले."

उठून सायकलवर टांग टाकली तर उजव्या पोटरीत असा पेटका आला की मी रस्त्यावरच बसले. वंदना पाय चोळतेय, मी आईला हाका मारतेय, बाजूने रिसॉर्टवाल्यांच्या गाड्या चालल्यात. महेशने आमच्या गाडीचं दार उघडलं. हळू आवाजात म्हणाला, "चढापुरती बस. फोन वंदनाकडे दे, ती सायकलवर पुढे जाईल. काकांना कळणार पण नाही."

खोटं कशाला बोलू, माझा एक हात दारावर गेला होता. आत एसी होता. आणि तेव्हा माधवी डोळ्यांसमोर आली, रोज सकाळी ओजसला उचलायला वाकायच्या आधी ती एकदा डोळे मिटते ना, तशी. तिला कुणी असं दार उघडून म्हणत नाही की आजच्यापुरतं राहू दे. मला रडूच फुटलं, आणि रडता रडता महेशवर ओरडले, "बंद कर ते दार!"

"मग त्ये दात घासायचं काढ," वंदना म्हणाली.

दोन दिवस बॅगेत शिजलेलं ते जेल आम्ही दोघींनी तिथे खाल्लं. चव म्हणाल तर खोकल्याच्या औषधात डिंक कालवल्यासारखी. वर मिठाचं पाणी, अर्धं केळं. आणि काय सांगू, पाव तासात पाय हलायला लागले! सायकली ढकलत चढ चढलो, वर जाऊन सायकलवर बसलो, काशीद, नांदगाव, कुठे थांबलो नाही. वाटेत वंदनाने चालत्या सायकलवरून हात पुढे केला. "अजून एक दे गो." मी म्हटलं, बोंबील संपले का? तिने मला जी शिवी दिली ती इथे लिहीत नाही.

मुरूडच्या किनाऱ्यावर मंडप अर्धा उतरवला होता, खुर्च्या एकात एक रचल्या होत्या. केंद्राच्या बाई माईक गुंडाळत होत्या. आम्हाला बघून त्यांनी तो परत सोडला. चार वाजायला थोडाच वेळ बाकी होता. मी वाळूत आडवी झाले आणि फोन वाजला.

"पोचलीस," काका म्हणाले. मग म्हणाले, "सकाळी ज्यांनी फोन ठेवून दिला त्या बाईंना माझा नमस्कार सांग. रागावल्यात का त्या?"

परतीला सायकली गाडीच्या टपावर आणि आम्ही मागच्या सीटवर, घोरत. घरी आल्यापासून लोक विचारतात, नक्की काय खावं? तर माझं मत असं. तक्ता करा, कारण चढावर तोच कामाला येतो. पण आत्याच्या दारात तो खिशातच ठेवा, आणि मग चढाला एक तास जास्त धरा. पाणी तहान लागायच्या आधी प्या. जेलची दोन पाकिटं जास्त घ्या, जी तुमच्यावर हसते तिलाही लागतात.

गाडी यायला पावसाळा संपला. पहिल्या दिवशी मी मुद्दाम खांदेश्वरला गेले. ड्रायव्हरने मागचं दार उघडून रॅम्प खाली सोडला, ओजसने स्वतः चाकं फिरवली आणि वर गेला. माधवी सवयीने वाकली होती, दोन्ही हात पुढे करून. उचलायला कुणी नव्हतं. ती तशीच हात पसरून माझ्याकडे बघत म्हणाली, "ताई, आता मी काय करू?"

आतून ओजस ओरडला, "चहा पी ना! बसून!"