धाकट्या जावेची हिरवी गाडी

जुन्या महागड्या गाड्यांची किंमत ठरवणं हे माझं काम. जालना रोडवरच्या एका शोरूममध्ये मी बसते. कुणी बिल्डर, कुणी डॉक्टर, कुणी बियाण्यांचा व्यापारी आपली गाडी विकायला घेऊन येतो आणि मी ती बोनेटपासून डिकीपर्यंत तपासते. रंगाच्या थराची जाडी मोजायचं एक छोटं यंत्र कायम माझ्या पर्समध्ये असतं. ते दाराला टेकवलं की गाडीला कधी धक्का लागून पुन्हा रंग मारलाय का ते कळतं. त्यामुळे गाडीवाले माझ्याशी फारसं खोटं बोलत नाहीत.

मी स्वतः छोटी हॅचबॅक चालवते. त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. दिवसभर लोकांच्या गाड्यांत बसून संध्याकाळी आपल्या गाडीत बसताना उलट बरं वाटायचं. माझ्या धाकट्या जावेनं ती इटालियन गाडी घ्यायचं ठरवलं तोपर्यंत हे असं होतं.

धाकटी सोयगावची. लग्न होऊन आली तेव्हा तिला गाडी चालवता येत नव्हती. छावणीतल्या मोकळ्या रस्त्यांवर मीच तिला शिकवलं. क्लच सोडताना घाबरून ती डोळे मिटायची. पुढं माझ्या दिरानं आणि तिनं मिळून वाळूजला रबराचे सुटे भाग बनवायचा कारखाना काढला. दीर मशिनं बघायचे आणि ही गिऱ्हाइकं. बघता बघता माल परदेशात जायला लागला. घरात सगळ्यांना तिचं कौतुक होतं, मलाही होतं. फक्त कौतुक करून घरी परतताना मी गाडीत गप्प असायचे, आणि माझे मिस्टर रेडिओ लावायचे.

एका रविवारी तिचा फोन आला. "ताई, दुपारी येता का? मुंबईहून गाडीवाला येतोय. मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही बसा ना जवळ."

गेले. तिच्या जेवणाच्या टेबलावर त्या विक्रेत्यानं रंगांचे तुकडे मांडले होते, कातड्याचे नमुने मांडले होते, दोऱ्यांचे नमुनेसुद्धा. सासूबाई चष्मा लावून एकेक तुकडा साडीच्या पोतासारखा चिमटीत धरून बघत होत्या. माझ्या आयुष्यात मी असल्या गाड्या कायम दुसऱ्याच्या हातून उतरल्यावर पाहिल्या होत्या. कोरी गाडी, आपल्याला हवी तशी मागवायची, हे टेबल मी पहिल्यांदाच पाहत होते. आणि ते माझं नव्हतं.

मी माझं काम केलं, अगदी इमानदारीत. तिला सांगितलं, पुढचं नाक वर उचलणारं बटण घेच. आपल्याकडचे स्पीडब्रेकर बघता ते नसलेली गाडी नंतर कुणी विकत घेत नाही. शर्यतीच्या गाडीसारख्या टणक सीट घेऊ नकोस, आपल्या लोकांना पाठीला मऊ लागतं. सिरॅमिकचे ब्रेक घेताना भारी वाटतात, पण जुनी गाडी घेणारा ते बदलायचा खर्च ऐकून मागं सरतो. कार्बन फायबरचं काम बाहेरून थोडं घे, ते विकताना दिसतं. आणि सीटवर नाव-बिव भरून घेऊ नकोस, दुसऱ्याचं नाव पाठीशी घेऊन कुणी बसत नाही.

विक्रेता माझ्याकडे बघतच राहिला. धाकटी भराभर मान हलवत होती.

"आणि रंग?" तिनं विचारलं.

"लाल घे. नाहीतर पांढरा, नाहीतर राखाडी. लगेच विकला जातो."

"विकायचं नाय हो. तुम्हाला कोणता आवडतो?"

तेव्हा मी नको ते बोलून बसले. इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलच्या कपाटात, दाराच्या आतल्या बाजूला, मी मासिकातून कापलेला एका गाडीचा फोटो चिकटवला होता. ती गर्द हिरवी होती, इतकी गर्द की सावलीत काळी वाटावी. मी तो तुकडा टेबलावरून उचलला आणि म्हटलं, "हा. पण हा घेऊ नकोस. खास मागवावा लागतो, पैसे जास्त, आणि विकताना हिरव्याला गिऱ्हाईक शोधत बसावं लागतं."

"हाच लिहा," ती विक्रेत्याला म्हणाली.

सासूबाई म्हणाल्या, "लई छान दिसंल. हिरवा शुभ असतोय."

घरी आल्यावर मिस्टरांनी विचारलं, काय ठरलं? मी म्हटलं, "माझी गाडी तिनं घेतली." त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

गाडी आली त्या दिवशी बंगल्यापुढं गल्ली भरली होती. बंद ट्रकमधून ती उतरवली तेव्हा मी मुद्दाम मागं उभी होते. ऊन पडलं आणि तो हिरवा रंग आतून पेटल्यासारखा झाला. सासूबाईंनी बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. मग आत बसायला निघाल्या, पण सीट इतकी खाली की गुडघे वाकेनात. "हिच्यापरीस बैलगाडी बरी," असं म्हणत त्या हसल्या आणि सगळे हसले. धाकटीनं चावी फिरवली नाही, बटण दाबलं, आणि त्या आवाजानं समोरच्या बंगल्यातली कबुतरं उडाली. ती एकदाही डोळे न मिटता गाडी गेटबाहेर घेऊन गेली. गेटच्या उंचवट्यापाशी तिनं ते बटण दाबलं, गाडीनं नाक उचललं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. ते बटण मी सांगितलेलं होतं. हे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणालाच माहीत नव्हतं आणि सांगायची सोय नव्हती.

त्यानंतर मला एक खोड लागली. सकाळचा चहा झाला की मी फोनवर त्याच मॉडेलच्या जुन्या गाड्यांचे भाव बघायचे. दिल्लीत एक विकायला निघाली, बंगळुरूत एक. पहिल्या वर्षात भाव खाली येतच होते, कुठल्याही गाडीचे येतात तसे. तो उतार बघून मला बरं वाटायचं. हिरव्याचा तर आणखी पडेल, मी मनात म्हणायचे. तिच्याकडे जेवायला गेले की अंगणात उभ्या त्या गाडीकडे बघून मी आजचा भाव मनातल्या मनात लावायचे आणि मग मला जेवण गोड लागायचं.

मिस्टर कॉलेजात शिकवतात, फार बोलत नाहीत. एका सकाळी कप उचलता उचलता म्हणाले, "त्या गाडीचा भाव तू रोज बघतेस. आपण हा फ्लॅट घेतला त्याचा कधी बघितलास?"

"ते माझं काम आहे."

"रविवारी पण?"

मी फोन उलटा ठेवला.

या वर्षभरात मी एकदाही तिच्याकडे ती गाडी चालवायला मागितली नाही. ती म्हणायची, "ताई, चला ना, चक्कर मारू." मी सांगायचे, उशीर झालाय, डोकं दुखतंय, शोरूमला जायचंय. शेजारच्या सीटवर बसून तिच्या हाताखालची ती गाडी बघायची माझी तयारी नव्हती.

मग बातमी आली. कंपनीनं ते मॉडेल बंद केलं. पुढचं येणार ते बॅटरीची जोड देऊन. म्हणजे तसलं मोठं, टर्बो नसलेलं, मोकळ्या श्वासाचं इंजिन आता पुन्हा होणार नव्हतं. आमच्या धंद्यातल्या लोकांना याचा अर्थ लगेच कळतो. दिल्लीची जाहिरात निघून गेली, बंगळुरूवाल्यानं भाव वाढवला. काही महिन्यांत त्या गाडीचा भाव कोऱ्या गाडीच्या किमतीच्याही वर गेला. आणि खास मागवलेल्या रंगाच्या गाड्या, ज्यांना गिऱ्हाईक मिळत नाही असं मी छातीठोक सांगितलं होतं, त्याच लोक नाव घेऊन मागायला लागले. लाल तर सगळ्यांकडेच होती.

आमचे मालक एका सकाळी माझ्या टेबलापाशी आले. जुने औरंगाबादी, दखनीतच बोलतात. "मॅडम, हैदराबाद से एक पार्टी आयी है. उनको वो मॉडेल होना, हरा रंग होना. आपके घर में तो है ना?"

"माझ्या नाही, माझ्या जावेच्या."

"वोच. बात करके देखो."

मी गेले तेव्हा धाकटी अंगणात फोनवर कारखान्यातल्या कुणाला तरी ओरडत होती. फोन ठेवून तिनं माझं ऐकून घेतलं. "बघा बाई तुम्ही," म्हणाली, "तुम्हाला जे वाटंल ते."

पर्समधून यंत्र काढून मी गाडीभोवती फिरले. गाडी घेतल्यापासून तिला इतक्या जवळून मी पहिल्यांदाच हात लावत होते. पुढच्या बंपरवर खड्यांचे बारीक टोचे. चाकाच्या कडेला ओरखडा. दाराच्या फटीत काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे तंतू. मी आत डोकावून काट्याखालचा किलोमीटरचा आकडा वाचला आणि मला खरंच धक्का बसला. असल्या गाड्या लोक कापड पांघरून ठेवतात, रविवारी गल्लीत फिरवून आणतात. ही तर भाड्याच्या टॅक्सीसारखी पळाली होती.

"अगं, नेतेस कुठं ही?"

"सोयगावला. दादांना भेटायला." दादा म्हणजे तिचे वडील. "त्यांना आवाज लई आवडतो हिचा. त्यांना बसवून शेतापर्यंत नेते, बांधाशी लावते. ते बाजंवर बसून ऐकत बसतात. मी नुसती चालू ठेवते."

"त्या रस्त्यानं? अगं, किलोमीटर वाढले की भाव पडतो! दगड लागलेत इथं, बघ."

"व्हय, लागले," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

मनातून मला आनंद झाला होता, तो लपत नव्हता. भाव पडणार, मी म्हणाले होते तसाच. मी फोनमध्ये सगळं टिपून घेतलं. ती माझ्याकडे बघत होती.

"ताई, तुम्ही कधी मागितलीच नाय चालवायला," ती एकदम म्हणाली. "मला वाटायचं, तुम्हीच म्हणाल. तुमचा रंग म्हणून घेतला ना मी."

तिनं चावी माझ्या हातात दिली आणि स्वतः शेजारच्या सीटवर जाऊन बसली. पट्टासुद्धा लावून.

आम्ही खुलताबादच्या घाटात गेलो. पहिली काही वळणं मी इतकी हळू घेतली की मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून पुढं गेला. मग मोकळा चढ लागला आणि मी पाय दाबला. त्या क्षणाचं वर्णन मला करता येणार नाही. पाठ सीटला चिकटली आणि घशातून कसला तरी आवाज आला, तो माझाच होता. शेजारी धाकटी खिदळत होती. वर पोचल्यावर रस्त्याकडेच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. टपरीवाल्यानं गाडीकडे बघून मला विचारलं, "मॅडम, तुमची का?" मी काही बोलायच्या आत धाकटी म्हणाली, "व्हय, त्यांचीच."

मला तिचा राग आला. हे असं सहज देऊन टाकणं तिला जमत होतं, आणि माझ्याकडे द्यायला तसं काही नव्हतंच.

मालकांना मी खरा अहवाल दिला: किलोमीटर जास्त, पुढं दगडांचे टोचे, पण रंग सगळा मूळचा, धक्का कुठंच नाही, सर्व्हिस वेळच्या वेळी, दुसरी चावी आणि कंपनीचं कापड जागेवर. माझी खात्री होती, हैदराबादवाला पाठ फिरवेल. त्यानं दोनच गोष्टी विचारल्या. नाक उचलायचं बटण आहे का, आणि रंग फोटोत दिसतो तोच आहे का. भाव त्यानं थोडा कमी केला, फार नाही. तरीही धाकटीनं घेतली होती त्याहून ती महाग विकली गेली.

तिनं लगेच हो म्हटलं. दादांना आता त्या गाडीत खाली वाकून बसवत नव्हतं, आणि कारखान्याला नवं मशीन हवं होतं.

न्यायला ट्रक आला त्या दिवशी कागदपत्रांसाठी मी तिथं होते. गाडी फळीवरून वर चढताना तिनं शेवटचा आवाज केला आणि मला रडू फुटलं. मी पदरानं डोळे पुसत होते तेव्हा धाकटी पाठमोरी उभी राहून फोनवर मशीनवाल्याशी भावाची घासाघीस करत होती. ट्रक वळला तरी तिनं बघितलं नाही. फोन ठेवून मग तिनं मला विचारलं, "ताई, जेवून जाताय ना?"

मिस्टरही जेवायला तिकडेच आले. जेवताना सासूबाई हैदराबादच्या त्या माणसाबद्दल विचारत होत्या, कोण आहे, काय करतो. मला तो तरुण आहे एवढंच माहीत होतं. त्याच्याबद्दल बोलताना माझा आवाज चढतोय हे मिस्टरांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी भाजीचं भांडं माझ्याकडे सरकवलं. हल्ली सकाळी चहाबरोबर मी हैदराबादच्या जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघते. त्यानं ती विकायला काढली नाहीये.