आखाजीच्या दिवशी आमराईचा सौदा

आमच्या शिबिराची आमराई विकायला निघाली, तेव्हा माझ्या अंगाची हळद अजून पुरती उतरली नव्हती. थोरला भाऊ आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, मला माहेरी न्यायला शिंदखेड्याला आला होता. गूळपाणी पिता पिता तो सहज म्हणाला, "कमिटी ती आमराई विकी राहिनी." मी सासूबाईंसमोर पापड लाटत होते. तो पापड असा काही फाटला की सासूबाईंनी लाटणंच काढून घेतलं.

पारोळ्याजवळ आमचं गाव. गावाबाहेर ही आमराई आणि तिच्यात पायऱ्यांची विहीर. दोन्ही शाळेच्या कमिटीच्या मालकीची. दर उन्हाळ्यात तिथं मुलींचं शिबिर भरायचं. ते चालवायच्या आमच्या शाळेतल्या बाई, त्यांना अख्खं गाव अक्का म्हणायचं. अक्कांनी आम्हाला लेझीम शिकवली, लाठी शिकवली, आणि पाठीला वाळका भोपळा बांधून खुशाल विहिरीत ढकलून दिलं. दुपारी वरण-बट्टी, संध्याकाळी आरडाओरडा. मुलांना काय, नदी होती, तालीम होती, सगळे पार त्यांचेच. आम्हाला उघड्यावर मोठ्यानं हसायला जागा एवढी एकच होती, आणि नेमकी तीच विकून कमिटीला मुलांच्या हायस्कुलाची इमारत बांधायची होती. घेणारे धुळ्याचे एक शेठ. त्यांना तिथं कापसातली सरकी काढायचं जिन घालायचं होतं.

कमिटीचे अध्यक्ष कोण, तर आमचे आबा, माझे सख्खे वडील!

घरात पाऊल टाकल्या टाकल्या मी भांडायला उभी राहिले. आबा पानाला चुना लावत होते. शांतपणे म्हणाले, "तुन्हं लगीन व्हई गयं ना? आते तुले आमराई कसाले जोयजे?"

मला इतका राग आला की पाणीसुद्धा न पिता मी तडक अक्कांकडे गेले. अक्का लेझिमी पोत्यात भरत होत्या. लहानपणीच विधवा झालेल्या या बाईंना आम्ही मुली सोडून दुसरं कोणी नव्हतं. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. पदरानं नाक पुसत म्हणाल्या, "शेठ आखाजीच्या मुहूर्तावर विसार द्यायला येणार आहेत."

मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दोघींना जे हसू फुटलं ते आवरेचना. अक्का पोत्यावरच बसल्या.

कारण आखाजी म्हणजे लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधले जातात. आमच्या गावात तर एक पक्की रीत होती: झोक्यावर बसलेल्या माहेरवाशिणीला 'उतर' म्हणायचं नाही. ती आपणहून उतरेल तेव्हा उतरेल, बापानंसुद्धा तोवर थांबायचं. कमिटीतल्या पुरुषांना आखाजी म्हटलं की शुभ मुहूर्त आठवायचा आणि दिवसभराचा पत्त्यांचा डाव. झोक्यांची आठवण त्यांना राहणार कुठून!

गावोगाव बांगड्या भरत फिरणाऱ्या कासारणीच्या तोंडून आम्ही निरोप धाडले: यंदा झोके आमराईतच बांधायचे. शिबिरात शिकलेल्या सगळ्या जणी आजूबाजूच्या गावांत माहेरी आल्याच होत्या. आखाजीला सकाळी त्या गाड्या जुंपून आल्या. कोणी कडेवर पोर घेऊन, कोणी पोटुशी, कोणी भावाला चक्क गाडीला जुंपायची धमकी देऊन. गावातल्या विहिरींवरचे मोटेचे नाडे आम्ही झोक्यांसाठी आदल्या दिवशीच पळवले होते, त्यामुळे त्या दिवशी एकही मोट चालली नाही. आंब्याची एक फांदी मोकळी ठेवली नाही.

शेठ मोटारीतून उतरले, मागे जमीन मोजायची साखळी घेतलेली माणसं आणि हातात नारळ घेतलेल्या शेठाणी. साखळी पसरायला जावं तर इकडून एक झोका येई, तिकडून दुसरा. साखळीवाले वाकत, पळत, पुन्हा वाकत. माझा पाय लागून शेठची टोपी उडाली. तो खरंच मुद्दाम लावला नव्हता, पण झाल्यावर फार बरं वाटलं. एक मैत्रीण झोक्यावरच पोराला पाजत होती, दुसरी सांजोरी खात होती, तिसरीला गरगरून ओकारी आली तरी ती उतरेना.

आबा पत्त्यांचा डाव टाकून धावत आले. पानं अजून हातातच होती. "पोरी, उत..." एवढं बोलले आणि भोवती जमलेल्या म्हाताऱ्या बायांच्या नजरा पाहून उरलेला शब्द गिळला. मी झोका आणखी उंच नेला.

तेवढ्यात शेठाणींनी नारळ नवऱ्याच्या हातात दिला आणि अक्कांना अगदी शहरी मराठीत विचारलं, "मी जरा बसू का हो? माझं माहेर सातपुड्याच्या पायथ्याशी होतं. आईवडील गेले, भाऊ नाही. किती आखाज्या झाल्या, झोक्यावर बसलेच नाही."

अक्का स्वतःच्या झोक्यावरून उठल्या आणि तो त्यांना दिला. मीही उतरले आणि आम्ही दोघींनी मिळून त्यांना झोका दिला. दोनतीन हेलकाव्यांत शेठाणींचा पदर सुटला, अंबाडा सुटला, आणि ती शहरी मराठीही सुटली. "आखो जोरमा!" त्या ओरडल्या, आणखी जोरात झोका द्या म्हणून. "आखो! आखो जोरमा, व माय!"

शेठ नारळ घेऊन उभे. म्हणाले, "अगं, चल आता. मुहूर्त..."

"आज माले उतर म्हनानं नही," शेठाणी वरून म्हणाल्या. "हाई मन्हं माहेर शे." हसता हसता त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते त्या पुसतही नव्हत्या.

शेठ विहिरीच्या पायरीवर जाऊन बसले. दिवस मावळायला आला तसे आबांना म्हणाले, "बायकोच्या माहेरात जिन कसं घालू हो?" त्यांनी तो नारळ अक्कांच्या हातात दिला आणि साखळीवाल्यांना गाडीत बसवलं. पुढे जिन दुसरीकडे झालं. हायस्कूल आणखी काही वर्षं देवळाच्या ओवरीत भरलं आणि मुलं तिथंही नापास व्हायची ती झालीच. आबा मात्र आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण मी सासरी निघाले तेव्हा वाटेत आमराईत उतरवायला म्हणून अक्कांच्या शिबिरासाठी बट्टीच्या पिठाचं पोतं त्यांनी स्वतः गाडीत चढवलं.

नंतर आबा गेले. घराच्या वाटण्या झाल्या आणि आखाजीचं बोलावणं यायचं हळूहळू थांबलं. पहिल्या वर्षी मी दाराशी बसून भावाची वाट पाहिली, भाऊ आला नाही, मी खूप रडले. पुढच्या वर्षी पिशवी भरली आणि घराकडे न वळता सरळ आमराईत गेले. शेठाणी दर आखाजीसारख्याच झोक्यावर होत्या, केस आता पांढरे झालेले. त्यांनी माझी पिशवी पाहिली, पाटावर जरा सरकून मला जागा करून दिली, आणि पोरींना ओरडून सांगितलं, "आखो जोरमा!"