बॅनर आधी, यादी नंतर

१२ मे. सकाळी सहालाच गच्चीवर कुरडया घालायला घेतल्या. चीक गरम असतानाच सोऱ्यातून दाबावा लागतो, म्हणून गल्लीतल्या बायका पाळीपाळीनं एकमेकींच्या मदतीला येतात. हाताला काम असतं, तोंडालाही. आज तोंडाचं काम मीच पुरवलं होतं.

आमच्या वरच्या खोलीत इस्लापूरकडची एक मुलगी भाड्यानं राहते. नांदेडला कॉलेज करते आणि खो-खो खेळते. मी आयुष्यात बस सोडून कशाच्याही मागे धावले नाही, पण चार वर्षं तिचा एकही सामना चुकवलेला नाही. तिचे प्रशिक्षक म्हणाले, "भारताच्या संघात ती जाणारच, निवड झाल्यातच जमा समजा." मी लगेच जमा समजले आणि गल्लीतल्या नेत्याच्या कार्यकर्त्याला सांगून टाकलं. आमच्याकडे शाबासकीला उशीर होत नाही. संध्याकाळी आमच्या घरासमोरच, गल्लीच्या तोंडाशी अभिनंदनाचा बॅनर लागला. त्यावर अकरा नेते आणि कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढी पोरगी.

दोन दिवसांनी यादी आली. तीत ती नव्हती.

"ताई, पोरीत दम असता तर घेतली नसती का?" शेजारीण कुरडई पाडता पाडता म्हणाली.

"दम बघायला आधी सामना बघावा लागतो. यादीतल्या दोघींना हिनं मागच्या महिन्यात उभ्या उभ्या बाद केलंय. आता म्हणतात, संघाचा समतोल साधायचा होता. खो-खो आहे का तागडी?"

"तुम्हाला काय कळतंय हो त्यातलं?"

"निवडणाऱ्यांइतकं तर नक्कीच."

"मग तुम्हीच जा की निवडायला! बॅनर तर तुम्हीच लावून बसल्या."

बायका हसल्या. माझ्या हातातली कुरडई वाकडी पडली. ती तशीच वाळू दिली.

खरी पंचाईत वेगळीच होती. यादी आल्यापासून पाच दिवस पोरगी खाली उतरली नव्हती. राज्याच्या संघाचा सराव सुरू झालेला. प्रशिक्षकांनी मला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "उद्या सकाळी मैदानावर दिसली नाही, तर तिची जागा दुसरीला." म्हणजे भारताचा संघ गेलाच, आता हातातला राज्याचाही जायची वेळ.

मी वाटीभर चीक, त्यावर तेल-मीठ घालून वर गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"मावशी, लोकं आधी बॅनर बघतेत, मग मला बघतेत. मी न्हाई जाणार त्याच्या खालून."

"बघू दे. त्यांना दुसरं काम नाही."

ती ताडकन उठून बसली. "तुम्हाला कोण सांगितलं होतं लावायला?"

निवड समितीला मी सकाळपासून शिव्या घालत होते, पण त्यांनी निदान तिचा फोटो रस्त्यावर टांगला नव्हता. वाटी ठेवली, खाली आले आणि कार्यकर्त्याला फोन लावला.

"बॅनर काढून न्या."

"ताई, साहेबांचा फोटो हाय त्याच्यावर. पंधरा दिवसांत वाढदिवस हाय. तवर राहू द्या की. पोरीची काय, पुढच्या टायमाला होईलच निवड. नवीन छापायची गरज न्हाई."

"चालतंय," म्हणाले आणि फोन ठेवला. वाद घालून दमायचं वय गेलं.

१३ मे. पहाटे पाचला मी बॅनरला शिडी लावली आणि विळा घेऊन चढले. तिसऱ्या पायरीवर शिडी हलली, मी ओरडले, कुत्री भुंकायला लागली. पोरगी धावत खाली आली.

"मावशी, हाडं मोडून घेताव का? उतरा आधी!"

मी उतरले. ती माझ्या हातातला विळा घेऊन सरसर वर गेली आणि दोन्हीकडच्या दोऱ्या कापल्या. अकरा नेते खाली उभ्या असलेल्या रिक्षावर पालथे पडले.

"साडेपाचला सराव आहे," मी म्हणाले. "बूट घाल."

"अन् कार्यकर्ते आले तर?"

"मी आहे ना घरी."

ती गेली. मी बॅनरची घडी घातली. सातला कार्यकर्ता तणतणत आला, तेव्हा साहेबांचा चेहरा वर येईल अशी ती त्याच्या हातात दिली आणि दार लावून घेतलं.