ज्वारीच्या कोठीतले बोंबील

आमच्या गावात घरांना दारं नसतात, त्यामुळे काही लपवायची सवय कुणालाच नाही. मला तर मुळीच नाही. (चौथीपर्यंत शिकले, त्यात हा विषय नव्हता.)

सून पूजाला दिवस गेले तेव्हा नगरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंडी, फळं, मासे खा. धुराजवळ बसू नका. बाळाची छाती पोटातच घडते." माझा संतोष लहानपणी श्वास घ्यायचा तर छातीत शिट्टी वाजायची. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, आल्यागेल्याला सांगायच्या, "पोटुशी असताना हिनं दही हाणलं, त्याची ही शिट्टी." आता नातवंडाची शिट्टी मला ऐकायची नव्हती.

पण आत्याबाई माळकरी. अंड्याचं नाव काढलं तरी चूळ भरतात. आणि त्यांच्यापुढं माझं तोंड उघडत नाही. (भाजीत मीठ नसलं तरी मी तशीच जेवते.) मग बाजारातून गुपचूप सुके बोंबील आणले, फडक्यात बांधले आणि ज्वारीच्या कोठीत खोल पुरले. आत्याबाई देवळात गेल्या की पूजाला भाजून द्यायचे, असा बेत.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई नाक वर करून उभ्या.

"उंदीर मेलाय कुठंतरी."

"व्हय, वास येतोय खरा," मी म्हणाले.

गाद्या बाहेर आल्या, ट्रंका बाहेर आल्या. मी सगळ्यांच्या पुढं! माळ्यावर चढून नसलेला उंदीर शोधला. शेजारच्या शकूवहिनी सरळ आत आल्या. दारच नाही, तर विचारणार कुठून?

"लता, उंदीर न्हाई, घूस असंल. रस्त्यापतोर वास हाय."

दमून सगळे जेवायला बसले. आत्याबाईंनी घास मोडला, चावला, थांबल्या.

"उंदीर मरू दे, पन यंदाची ज्वारी लई चवीची हाय. आनखी एक भाकर वाढ."

मी खाली मान घालून वाढली.

जेवण झाल्यावर संतोषनं कोठी आडवी केली. ज्वारीबरोबर फडकं घरंगळलं, फडक्यातून बोंबील. आत्याबाईंनी वाकून बघितलं.

"ह्यो उंदीर कुनी आनला?"

"मी," माझ्या तोंडून निघालं. "पूजासाठी. बाळाची छाती वाजाया नको म्हनून. संतोषची वाजली तवा तुमी मला लई बोललात."



"आन् आत्ताची भाकर?" आत्याबाईंनी हळूच विचारलं.

"ह्याच कोठीतली."

त्या मोरीत गेल्या आणि चूळ भरत राहिल्या. हंडा रिकामा झाल्यावर बाहेर आल्या.

"घरात शिजवायचं न्हाई. परसात दगडं मांडून चूल कर. आन् पोरीला धुराजवळ बसवू नको. डाक्तरनीनं सांगितलंय न्हवं?"

झालं. पूजा आत पंख्याखाली बसून बोंबील खायची आणि मी परसात ओल्या सरपणावर फुंकणी फुंकत बसायची. बाळंतपणापर्यंत हेच.

नात झाली. रडते तर देवळापर्यंत ऐकू जातं. परवा डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीला नळी लावली आणि म्हणाल्या, "एकदम साफ. मग ही शिट्टी कुणाची वाजतेय?"

माझी होती. मी सांगायच्या आत आत्याबाईच बोलल्या, "दही हाणलं असंल."